बंद पडणारी गाडी, न थांबणारे सल्ले

गाडी अजिबात सुरूच होत नसेल, तर ते दुखणं तसं सरळ. मालक घरीच असतो, चहा गरम असतो आणि कोपऱ्यावर रिक्षा मिळते. टायर बसला तर पंक्चरवाला आहे. ब्रेक वाजू लागले तर निदान समोरचे लोक बाजूला होतात. ‘मधूनच बंद पडते’ या तक्रारीची गाडी मात्र वेगळ्या घराण्यातली. ती महिनाभर पहिल्या सेल्फला सुरू होते, ऑफिसला नेते, भाजी आणते, शिर्डी करून येते. आणि मग एखाद्या गुरुवारी संध्याकाळी चांदणी चौकाच्या चढावर, मागे पीएमपीची बस आणि पुढे सिमेंटचा मिक्सर असा मुहूर्त साधून एक शब्द न बोलता गप्प होते.

डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे दिवे एकदम लागतात. स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला हात देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेली ओढ दोन-तीन दाबांना पुरते, मग पेडल कडक होतं आणि थांबायला मांडीचा जोर लावावा लागतो. मागची बस क्षणभर वाट बघते, म्हणजे पुण्याच्या मानाने बरीच. तेवढ्यात काचेवर टकटक होते. पहिला सल्लागार आलेला असतो.

‘पेट्रोल आहे ना?’ हा त्याचा प्रश्न. अपमान वाटला तरी प्रश्न खुळा नाही. टाकीतला फ्लोट अडकला की काटा अर्ध्यावर उभा राहतो आणि टाकी कोरडी असते. दुसरा येतो तो सांगतो, ‘कचरा आलाय.’ कचरा हे आपल्याकडचं सार्वत्रिक निदान. ते कुणालाही करता येतं आणि त्यात कुणाचीच चूक निघत नाही. तिसरा स्कूटरवरून हेल्मेट न काढता ‘प्लग बघा, प्लग’ असं ओरडून पुढे जातो. चौथा बॉनेट उघडायला लावतो, कमरेवर हात ठेवून आत बघतो, मान हलवतो आणि निघून जातो. त्याला फक्त बघायचं होतं. या मंडळींचं वैशिष्ट्य असं की, ज्याच्या गाडीत १९९६ साली जे निघालं, तेच तो आजच्या गाडीत शोधतो. ज्याची बॅटरी गेली होती त्याला जगात बॅटरीच दिसते. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून कचऱ्याला एक सुशिक्षित पर्याय मिळाला आहे, इतकंच.

मग धक्का. धक्का मारायला आपल्याकडे अनोळखी माणसंही ज्या आनंदाने येतात, त्याला तोड नाही. मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास होती. दोन माणसं आणि एक उताराचा रस्ता एवढ्यावर तिचं ७९६ सीसीचं इंजिन बोलू लागायचं. पण धक्का हा सुरूच न होणाऱ्या गाडीवरचा उपाय. बॅटरी इंजिन फिरवू शकत नसेल तर ते काम माणसं करतात. चालता चालता बंद पडलेल्या गाडीची बॅटरी बहुतेक वेळा ठणठणीत असते, सेल्फही जोरात फिरतो. तिला धक्का म्हणजे पाय मुरगळलेल्याला खोकल्याचं औषध. ऑटोमॅटिक गाडीत तर तोही उपयोग नाही, कितीही ढकला, ती ढकललेल्या ठिकाणी जाऊन उभी राहते. तरी धक्का मारला जातोच. मारणाऱ्यांना बरं वाटतं.

पूर्वी हे प्रकरण सोपं होतं, असं जुने लोक म्हणतात. थोडं खरं आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे बहुतेकांच्या तोंडची ‘फियाट’, मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बंद पडायची. कधी बंद पडणार हे ड्रायव्हरला माहीत असायचं, मागे बसलेल्यांना माहीत असायचं, घाटातल्या लिंबू-सरबतवाल्याला तर आधी माहीत असायचं. कारण वेपर लॉक. त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला होता आणि तो दूरच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या अलीकडे-पलीकडेच उकळायला लागतात. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रखडलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता. मग नळीत पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे, आणि पंप इमानदारीने तेच बुडबुडे ढकलत बसायचा.

उपाय ठरलेला. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, सरबत प्यायचं, फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. अर्ध्या तासात गाडी सुरू. फडक्याचा गुण किती आणि अर्ध्या तासाचा किती, हा वाद तेव्हाही मिटला नव्हता. अमेरिकेत याच दुखण्यावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत, म्हणजे गावठी उपायांची मक्तेदारी आपलीच असं समजायचं कारण नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जात रस्त्यावरून उठली. तिच्याबरोबर ओलं फडकंही गेलं. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच बुडलेला असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी साधारण ३ बार दाबाने पुढे रेटतो. दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहजी होत नाही.

पद्मिनीचं रहस्य सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिच्या बंद पडण्याच्या अटी उघड होत्या: मे, दुपार, घाट, ओझं. आजची गाडीसुद्धा अटींवरच बंद पडते. ‘कधीही’ बंद पडणारी गाडी अजून कुठल्या कारखान्याने काढलेली नाही. अटी आपल्या लक्षात नसतात, एवढाच मुद्दा.

गॅरेजमधला संवाद ऐकला की हे पटतं.

‘कधी बंद पडते, साहेब?’

‘कधीही. परवा सदाशिव पेठेत पडली. त्याआधी मेव्हण्याच्या लग्नाला जाताना. एकदा तर देवळासमोर.’

‘गरम होती का थंड?’

‘ऑक्टोबर होता.’

‘इंजिन हो, इंजिन.’

‘ते कसं कळणार?’

मालकाला जागा आठवते, तिथी आठवते, गाडीत कोण बसलं होतं आणि ते काय म्हणालं हे तर शब्दशः आठवतं. इंजिन किती वेळ चालू होतं, टाकीत किती पेट्रोल होतं, एसी लावला होता का, वळण होतं की खड्डा, बंद पडल्यावर लगेच सुरू झाली की पंधरा-वीस मिनिटांनी, यातलं काही आठवत नाही. आणि मिस्त्रीला हवं असतं ते नेमकं एवढंच. डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी, अगरबत्तीचं पाकीट आणि पार्किंगच्या २०१९ पासूनच्या पावत्या असतात. एक छोटी वही आणि पेन्सिल तिथे मावली असती. ती ठेवणारा मालक मिस्त्रींच्या कहाण्यांतच भेटतो, आणि मिस्त्री त्याच्याबद्दल आदराने बोलतात.

बंद पडण्याच्या क्षणी एक गोष्ट फुकट बघता येते, ती म्हणजे आरपीएमचा काटा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं अजून फिरताहेत, म्हणजे इंजिनही फिरतंय. तरी काटा सुरीने कापल्यासारखा शून्यावर आला, तर संशय विजेच्या बाजूला जातो: इग्निशन, रिले, क्रँक सेन्सर. गाडी आधी दोन-चार गचके देते, खोकते, अॅक्सिलरेटर दाबून भागत नाही आणि मग बसते, तर संशय पेट्रोलकडे. हे काही ब्रह्मवाक्य नाही, पण निम्मे संशयित त्याने घरी जातात. अडचण इतकीच की मागून बस हॉर्न देत असताना आरपीएमच्या काट्याकडे बघणारा माणूस एक तर मिस्त्री असतो किंवा योगी.

गरम झाल्यावर बंद पडणं, वीस मिनिटं थांबून सुरू होणं, आणि सर्व्हिस सेंटरच्या दारात पुन्हा शहाणं होणं ही लक्षणं दिसली की जाणकार मिस्त्री क्रँक सेन्सरचं नाव घेतो. हा अंगठ्याएवढा तुकडा इंजिनच्या पोटाशी, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तोंडापाशी, बसवलेला असतो. समोर दातेरी चक्र फिरतं. पुष्कळ गाड्यांत त्याला ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. एकेक दात म्हणजे ६ अंश. फिरता फिरता दोन दातांची ती खिंड आली की गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, ओळखतो की क्रँक आता अमुक जागी आहे. त्यावरून ठिणगी कधी टाकायची आणि पेट्रोल कधी फवारायचं ते ठरतं. ३,००० आरपीएमला हे ५८ दात सेकंदाला २,९०० वेळा त्या सेन्सरसमोरून जातात. सेन्सर गप्प बसला, की ईसीयूच्या हिशेबी इंजिन थांबलेलं असतं. मग तो ठिणगी बंद करतो, फवारा बंद करतो, पंपही बंद करतो. गाडी ताशी ६० ने चाललेली असते, पण कागदोपत्री ती उभी. सरकारी कचेरीत ज्यांनी हयातीचा दाखला दिला आहे त्यांना ही परिस्थिती परकी वाटू नये.

आता यातली खोच. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. उष्णतेने ते प्रसरण पावतं आणि आतली एखादी चीर उघडते, संपर्क तुटतो. निवल्यावर चीर मिटते. म्हणजे टोइंगवाला येईपर्यंत, ट्रकवर गाडी चढेपर्यंत आणि गॅरेजात उतरेपर्यंत सेन्सर गार झालेला असतो, आणि शाळा तपासायला साहेब आल्यावर वर्ग बसतो तशी गाडी शिस्तीत गुरगुरत उभी राहते. मिस्त्री एक फेरी मारून येतो. ‘एकदम ओके आहे, साहेब.’ मालकाचा चेहरा त्या वेळी बघवत नाही. टोइंगचे पैसे गेल्याचं दुःख कमी, आपण खोटे पडलो याचं जास्त.

यावर मिस्त्रींचा तोडगा म्हणजे गाडीला चिडवणं. सेन्सर काढून त्यावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडायची आणि मल्टिमीटर लावून ठेवायचा. वायरिंगचा जुडगा हातात धरून हलवायचा आणि इंजिन गचकतंय का ते बघायचं. रिलेवर पान्याच्या मुठीने टिचकी मारायची. प्लगच्या वायरींवर पाण्याचा फवारा उडवून अंधारात निळ्या ठिणग्या नाचतात का ते पाहायचं. कोकणातल्या पावसात बंद पडणाऱ्या जुन्या गाड्यांचा छडा असा लागत आला आहे. दुखणं आपण होऊन येईना, तर त्याला आमंत्रण द्यावं लागतं. बनारस हिंदू विद्यापीठात काही काळ तत्त्वज्ञान शिकलेला अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग याने १९७४ च्या आपल्या मोटारसायकल दुरुस्तीवरच्या गाजलेल्या पुस्तकात अशा येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडांचा खास उल्लेख केला आहे. दुरुस्ती करणाऱ्याची उमेद खचवणाऱ्या सापळ्यांत त्याने त्यांना जागा दिली. ज्यांनी एकदा भर उन्हात रस्त्याच्या कडेला पर्सिगइतकं खोल काही न सुचता वेळ काढलाय, ते याला दुजोरा देतील.

हल्ली यंत्र आहे, असं कुणी म्हणेल. आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की गाडी आपल्या तक्रारी सांकेतिक आकड्यांत वाचून दाखवते. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. त्यात ‘सर्किट’ हा शब्द मालक ऐकत नाही, आणि कधी कधी मिस्त्रीही ऐकत नाही. सर्किटात सेन्सर आला, त्याची वायर आली, प्लास्टिकचं कनेक्टर आलं, आणि कनेक्टरमधली हिरवी पडलेली पिन आली. नवा सेन्सर बसवून बिघाड तसाच राहिला की दोष ‘डुप्लिकेट पार्ट’वर जातो, पिन तशीच हिरवी राहते. शिवाय बिघाड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचा पंचनामाही करून ठेवतो: वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं. मालकाला जे आठवत नाही ते सगळं. आणि आपले मालक काय करतात? पिवळा इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची वायर काढून पाच मिनिटांनी लावतात. दिवा जातो, पंचनामाही जातो. मग गाडी घेऊन गॅरेजात जातात आणि स्कॅनर म्हणतो, कुठे काय.

हिंजवडीच्या पट्ट्यात यावर उतारा निघाला आहे. तिथल्या माणसाकडे ब्लूटूथचा छोटा स्कॅनर असतो, फोनवर अॅप असतं आणि मिस्त्रीने तोंड उघडण्याआधी दाखवायला आलेख असतात. जुना मिस्त्री ते आलेख नम्रपणे बघतो, फोन परत देतो आणि बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवतो. ते हलतं. पांढरट-हिरवी बुरशी पुसून, पान्याने दोन आटे आवळून तो म्हणतो, ‘आता चालवून बघा.’ आलेखात टर्मिनल नव्हतं.

‘पार्ट बदलून बघू’ ही मात्र वेगळी शाळा. तिच्यात निदान शेवटी येतं, बिल आधी. आधी चार प्लग. मग कॉइल. मग फिल्टर, कारण तो ‘तसाही बदलायचाच होता’. मग थ्रॉटल बॉडीची सफाई. ही खरं तर अनेकदा बरोबर निघते, कारण सिग्नलला एसी लावून उभी असताना आरपीएम खाली खाली जात बंद पडणाऱ्या गाडीत तिथे काजळी साचून हवेची वाट अरुंद झालेली असते. मग पंप. पंप बदलला की मालक भाविक होतो, कारण आता एवढे पैसे गेले म्हणजे बरी व्हायलाच हवी. शेवटी इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सैल निघते. तिचा एक नट आवळायला काही लागत नाही. पण तो आवळताना मिस्त्री मालकाच्या डोळ्यांत बघत नाही.

बिघाड सापडत नाही म्हणजे तो नाहीच, ही समजूत मोठ्या मोठ्या ठिकाणीही असते. फोर्ड कंपनीने १९८० च्या दशकात लाखो गाड्यांत इग्निशनचं एक मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरच बसवलं, म्हणजे इंजिनच्या उष्णतेच्या अगदी मांडीवर. तापलं की गाडी बंद, निवलं की चालू. गाड्या कार्यशाळेत यायच्या तेव्हा निवलेल्या असायच्या. ग्राहक कोर्टात गेले, आणि २००० साली कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीच्या न्यायाधीशांनी कंपनीने ही गोष्ट दडवल्याचा निष्कर्ष काढून तिथल्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम दिला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. आपल्या गॅरेजात खोटा पडलेला प्रत्येक मालक हा निकाल फ्रेम करून लावू शकतो.

दुसरं प्रकरण किल्लीचं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांत इग्निशन स्विचची स्प्रिंग इतकी मऊ होती की गुडघा लागला किंवा किल्लीच्या जुडग्याला हिसका बसला, की किल्ली आपोआप मागे फिरायची. इंजिन बंद, आणि त्याबरोबर एअरबॅगही बंद. २००५ साली कंपनीने डीलरांना कळवलं की ग्राहकांना किल्लीच्या कडीतल्या जड वस्तू काढायला सांगा. पुढे स्विचच गुपचूप सुधारला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला, त्यामुळे कागदावर काही बदललंच नव्हतं. एका अपघाताच्या खटल्यात नेमलेल्या इंजिनिअरने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा फरक उघडा पडला. २०१४ मध्ये २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले.

आपल्याकडची किल्लीची कडी या दृष्टीने एकदा तपासावी. तिच्यात पितळी गणपती असतो, घराच्या दोन किल्ल्या, कपाटाची, लॉकरची, ऑफिसच्या ड्रॉवरची, बाटली उघडायचं अवजार आणि एक अशी किल्ली, जी कशाची ते कुणालाच माहीत नसतं पण फेकवत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर हे सगळं मिळून इग्निशनला लोंबकळत डुलत असतं. स्विचचे संपर्क आतून झिजतात आणि खड्डा आला की गाडी बंद पडते. मालक खड्ड्यांवर महानगरपालिकेला शिव्या देतो. त्याही बरोबरच असतात.

टाकीच्या झाकणाची गोष्ट त्यामानाने हलकी. टाकीतलं पेट्रोल जसं संपत जातं तशी तिच्यात हवा शिरायला हवी. जुन्या गाड्यांत त्यासाठी झाकणातच वाट ठेवलेली असते. ती धुळीने बुजली, की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता खेचता धाप लागते. तासभर चाललेली गाडी दम तोडते. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला, आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर निदान तिथेच झालं. पण मालकाचा तर्क दुसरीकडे जातो. पेट्रोल भरलं की गाडी बरी होते, म्हणजे त्या पंपाचं पेट्रोल चांगलं. मग तो शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच पंपावर जात राहतो, नातेवाइकांनाही पाठवतो.

टाकीतल्या पंपाला मारण्याची आपली पद्धत म्हणजे ‘दोनशेचं टाका’. पंप भोवतीच्या पेट्रोलनेच गार राहतो. काटा कायम तळाला ठेवून चालवणाऱ्याच्या गाडीत तो उघडा पडून तापतो, आणि वळणावर उरलंसुरलं पेट्रोल एका बाजूला गेलं की हवा ओढतो. मरणाच्या वाटेवरचा पंप कधी कधी टाकीला खालून चपलेचे दोन दणके दिले की पुन्हा फिरतो. रस्त्यावर हे काम चपलेनेच होतं, पुस्तकात रबरी हातोडा लिहिलेला असतो. बऱ्याच गाड्यांत हा पंप मागच्या सीटखाली असतो. किल्ली फिरवली की सेल्फ मारण्याआधी दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ड्रायव्हरला ती येत नाही, त्याचा रेडिओ चालू असतो. मागे बसलेल्या सासूबाईंना येते. ‘आज ते गुणगुणलं नाही हो,’ असं त्या म्हणाल्या, तर तो त्या गाडीला मिळालेला सगळ्यात नेमका तांत्रिक अभिप्राय असतो, आणि त्याकडे लक्ष न देण्याची परंपरा घराघरात आहे.

सीएनजीवाल्यांना निदानाची एक चैन उपलब्ध आहे. गाडी गॅसवर बंद पडते आणि बटण दाबून पेट्रोलवर घेतली की धावते, म्हणजे क्रँक सेन्सर, ईसीयूचा वीजपुरवठा वगैरे बडी मंडळी बहुधा सुटली. बघायचं ते गॅसच्या फिल्टरकडे, रिड्यूसरकडे आणि इंजेक्टरकडे. किंवा प्लगकडे, कारण गॅसमधून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि पेट्रोलवर कशीबशी चालणारी म्हातारी प्लगांची जोडगोळी गॅसवर आधी उघडी पडते. रिक्षावाल्यांना हे तोंडपाठ आहे. त्यांना विचारायला मोटारवाल्यांना संकोच वाटतो.

उंदीर हा आणखी एक तज्ज्ञ, फक्त उलट्या बाजूने. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात बॉनेटखाली उबदार जागा मिळते आणि दात घासायला वायरी. अर्धवट कुरतडलेली वायर सगळ्यात वाईट, कारण ती गाडी चालू द्यायची की नाही हे खड्ड्यागणिक ठरवते. गणपतीच्या वाहनाने माणसाचं वाहन बंद पाडावं याचा राग धरता येत नाही, म्हणून लोक बॉनेटखाली तंबाखूची पानं बांधतात, डांबरगोळ्या ठेवतात, जाळी बसवतात. होंडा कंपनीने तर वायरीला गुंडाळायला मिरचीचा तिखटपणा असलेली टेप विकायला काढली. कोल्हापूरच्या बाजूला तिचा कितपत उपयोग होईल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

निदान झटपट व्हायचं असेल तर एकट्याने बंद पडू नये, हे रतलामने दाखवून दिलं. २६ जून २०२५ च्या रात्री मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या दौऱ्यासाठी निघालेल्या गाड्या तिथल्या एका पंपावर डिझेल भरून पुढे गेल्या आणि थोड्याच अंतरावर एकामागून एक थांबल्या. एकूण १९. तिथे कुणी क्रँक सेन्सरचं नाव काढलं नाही, कुणी प्लग बघा म्हणालं नाही. टाक्या उघडल्या, डिझेलबरोबर पाणी निघालं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जातं आणि पंपाचं तोंडही तळाशीच असतं, त्यामुळे गाडीच्या वाट्याला आधी पाणीच येतं. अधिकारी आले, पंपाला सील लागलं. एकोणीस गाड्यांचं निदान एका रात्रीत. एक गाडी असती तर तिच्या मालकाला आधी चार पार्ट बदलावे लागले असते.

बरी झालेली गाडी बरी झाली हे सिद्ध कसं करायचं, हा शेवटचा पेच. पंक्चर काढलं की टायर फुगलेला दिसतो. इथे दाखवण्यासारखं काहीच नाही. गाडी बंद न पडणं एवढाच पुरावा, आणि तो उद्याही द्यावा लागतो. महिनाभर मालक उजव्या लेनमध्ये जात नाही. घाटात बोलत नाही. दोन महिन्यांनी तो रेडिओ लावतो. काहींना इतका धीर नसतो. ते गाडी काढून टाकतात. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, फॅमिली यूज’ एवढं लिहितात आणि फॉर्म २९ व ३० भरून तयार ठेवतात. घेणारा येतो, सोबत त्याचा मिस्त्री येतो. दोघं लांब फेरी मारून येतात, एसी लावून उभी करून बघतात, खड्ड्यातून नेतात. गाडी कशालाही दाद देत नाही.

‘काका, काही प्रॉब्लेम वगैरे नाही ना?’

‘चार मिस्त्र्यांना दाखवली बाळा,’ काका म्हणतात, ‘एकालाही काही सापडलं नाही.’